दोनपंखी आणि सुकलेला बटाटा

नणंद : पुढे. खोड. माझ्या रकान्यात लिही, "सरळसोट, साठ फूट, खाली फांदी म्हणून नाही." तुझ्या रकान्यात लिही, "नाही."

भावजय : नुसतं "नाही"?

नणंद : तुझ्या त्या जमिनीतल्या बुरशीला, ट्रफलला, खोड असतं?

भावजय : नसतं.

नणंद : मग झालं तर. पानं. माझ्याकडे, "हातभर लांब, जाड, वरून चकचकीत." तुझ्याकडे?

भावजय : नाही.

नणंद : फुलं.

भावजय : थांबा हो वन्सं. सहा ओळी झाल्या आणि माझ्या रकान्यात सहा वेळा "नाही" आलंय. शाळेची मुलं फलक वाचतील आणि म्हणतील, या बाईंनी बरणीत काही ठेवलेलंच नाही.

नणंद : बरणीत डोकावून बघितलं तरी तेच म्हणतील. अगं, सुकलेला बटाटा आहे तो.

भावजय : या बटाट्यासाठी लोक कुत्री घेऊन रानं पालथी घालतात.

नणंद : कुत्री लागतात ना शोधायला? माझ्या झाडाला नाही लागत. काचघराच्या दारातून माणूस आत आला की मान आपोआप वर जाते, तोंड उघडं पडतं...

भावजय : ...आणि डोक्यावरची टोपी मागे पडते. सव्वीस वर्षं ऐकतेय. लग्न होऊन आले तेव्हा हे झाड तुमच्या गुडघ्याएवढं होतं, तेव्हाही तुम्ही हेच सांगायचात. गुडघ्याएवढं झाड बघून कुणाची टोपी पडते?

नणंद : मला दिसत होतं पुढचं. तुला तेव्हाही जमिनीकडे बघायची सवय. नवी नवरी लाजतेय असं आई म्हणाली. मला नंतर कळलं, तू आमच्या अंगणात भूछत्रं शोधत होतीस.

भावजय : तीन सापडली होती. तुम्ही ती उपटून फेकलीत.

नणंद : अजून धरून बसली आहेस ते?

भावजय : मी कुठे काय धरलंय? आपलं सांगितलं.

नणंद : लिही बाई, लिही. पाचला छपाईवाला कागद न्यायला येणार. बागेच्या साहेबांची कल्पना आणि हमाली आपली. "उंच आणि खोल"! म्हणे आकाशाला भिडणारं उष्ण रानातलं झाड आणि जमिनीच्या पोटातली बुरशी, शेजारीशेजारी मांडा. मुलांना तुलना करू दे. काय तुलना? एक झाड आणि एक ढेकूळ.

भावजय : साहेबांना वाटलं असेल, दोघी एकाच घरातल्या आहेत, भांडत भांडत लिहून टाकतील.

नणंद : भांडतंय कोण? मी फक्त तुझी बाजू लहान आहे एवढंच म्हणतेय. बीज. हे नीट घे. "बियांना दोन लांब पंख. उंचावरून सुटलं की भिरभिरत, गिरक्या घेत खाली येतं." म्हणून तर आपण त्याला दोनपंखी म्हणतो. मुलांना हे आवडेल. तुझ्याकडे?

भावजय : इथे "नाही" म्हणायचं नाही. इथे माझ्याकडे खूप आहे. लिहिते हं. "ट्रफल जमिनीखालीच पिकतं. वारा तिथे पोचत नाही. मग ते असा वास सोडतं की रानातली जनावरं उकरून काढतात, खातात आणि त्याचं बीज दूरवर नेऊन टाकतात."

नणंद : कुठून टाकतात?

भावजय : वन्सं!

नणंद : नाही, मुलं विचारणार. आधीच तयारी असू दे. म्हणजे माझ्याकडचं गिरक्या घेत येतं आणि तुझ्याकडचं डुकराच्या...

भावजय : ज्याचं त्याचं वाहन.

नणंद : हा हा! हे नको लिहूस. साहेब वाचतात.

मिस्त्री : बाई, येऊ का आत? पायांना माती आहे.

नणंद : या मिस्त्री. कुंड्या भरायची खोली आहे ही, इथे माती चालते. भाजलेली असली पाहिजे फक्त.

मिस्त्री : कळसाजवळ जाऊन आलो. मोठ्या बाई, कालपर्यंत सात काचा फुटल्या होत्या, आज आठवी गेली. शेंडा बाहेर आलाय. वारं सुटलं तर अख्खी कमान घेऊन खाली यायचा. खालच्या बाई, तुम्ही तळघरात बसता ते बरं. वर थांबू नका.

भावजय : बघा वन्सं, तळघराचे फायदे.

मिस्त्री : नुसता शेंडा खुडून भागत नाही का, मोठ्या बाई? मला आपलं वाईट वाटतं. चांगलं झाड.

नणंद : दोनदा खुडला, मिस्त्री. दुसऱ्यांदा वरून पाणी मुरलं आणि आतून कुजायला लागलं. ठोकून बघा, वाजतं. नाही, सोमवारी कापायचं ठरलंय ते ठरलंय. एक चकती साहेबांना द्यायची, बटाट्याच्या शेजारी ठेवायला.

मिस्त्री : आणि मातीचं? गाडी आजच ठरवावी लागेल. तुम्ही म्हणाला होता खोड, मुळं, वाफ्यातली सगळी माती, सगळं उचला. चार फूट खोल की सहा?

नणंद : सहा. वाफा पार रिकामा करा. मुळाचा एक धागा राहायला नको. माती मागच्या भट्टीपाशी टाका, मी भाजून घेईन आणि मग नवीन काहीतरी लावीन. केळी लावीन.

भावजय : सगळी माती?

नणंद : तुला काय झालं?

भावजय : काही नाही. मिस्त्री, गाडी लगेच सांगायची आहे का?

मिस्त्री : तासाभरात सांगितलं तरी चालेल. तोवर मी खालच्या काचा उतरवतो. बाई, बाहेर आलात तर डोक्यावर घमेलं घेऊन या. थट्टा नाही.

नणंद : घमेलं हिला द्या. माझी उंची आधीच घमेल्यात मावत नाही. ...हं. कुठे होतो आपण? रोपं. "रोपं" लिही आणि माझ्या रकान्यात...

भावजय : काय लिहू?

नणंद : "नाही" लिही.

भावजय : वन्सं...

नणंद : का? तुझ्याकडे सहा वेळा आलं, माझ्याकडे एकदा आलं तर बिघडलं? सव्वीस वर्षांत तीनदा फुललं ते. पहिल्या खेपेला नऊ बिया, दुसऱ्या खेपेला पाच, दोन वर्षांपूर्वी तेरा. सगळ्या रुजल्या. सगळ्यांना दोनदोन, चारचार पानं आली. आणि मग पिवळी पडून एकेक बसली खाली. सत्तावीस रोपं गेली माझ्या हातून, अगं. या हातांनी लोकांची आंब्याच्या कोयीपासून काय काय जगवलंय.

भावजय : तेरा नव्हत्या.

नणंद : काय?

भावजय : दोन वर्षांपूर्वी. चौदा पडल्या होत्या. बरं ते जाऊ दे. मी आधी माझी एक ओळ लिहू का? मग बोलू. "ट्रफल एकटं जगत नाही. ते झाडाच्या बारीक मुळांना बिलगून राहतं. झाड त्याला साखर देतं..."

नणंद : "...आणि ते आयतं खातं." लिही. फुकट्या.

भावजय : फुकट्या नाही हो. ऐकून तरी घ्या. झाडाची मुळं जिथपर्यंत पोचत नाहीत तिथपर्यंत याचे धागे जातात, केसाहून बारीक. तिथलं पाणी, तिथले क्षार आणून मुळाच्या तोंडाशी ठेवतात. झाड वर पानात साखर करतं, ती खाली पाठवतं. म्हणजे कसं, एक वरचं घर सांभाळतं, एक खालचं.

नणंद : तुझं आणि धाकट्याचं चालतं तसं?

भावजय : तुमच्या भावाचं नाव कशाला? तो दोन्हीकडचं खातो.

नणंद : हा हा! बरोबर. पण ते तुझ्या ट्रफलचं. थंड मुलखातल्या झाडांना असले भाडेकरू लागत असतील. माझ्या दोनपंखीला नाही लागत. ते स्वतःच्या पायावर उभं आहे.

भावजय : दोनपंखीलाही लागते. ट्रफल नव्हे, पण त्याच सवयीची एक बुरशी. त्याच्या मुळांवर असते.

नणंद : काही नसतं. मी मुळं पाहिलीत. प्रत्येक रोपाची, प्रत्येक वेळी.

भावजय : कशी दिसायची?

नणंद : छान. म्हणजे, धुतल्यावर छान. आधी टोकांना पांढरं पांढरं लागलेलं असायचं. बुरसा. मी नळाखाली धरून दातांच्या ब्रशाने काढायची. अगदी हलक्या हाताने, तान्ह्या बाळाची टाळू धुवावी तसं.

भावजय : दातांच्या ब्रशाने?

नणंद : असं काय बघतेस?

भावजय : काही नाही.

नणंद : अगं, बोल. तू अशी गप्प बसलीस की मला भीती वाटते. लग्नात अशीच गप्प होतीस, पुढे तू किती बोलतेस ते आम्हाला कळलं.

भावजय : तो पांढरा थर म्हणजेच ती बुरशी होती, वन्सं.

(वर काच उतरवल्याचा आवाज.)

नणंद : तुला कसं माहीत?

भावजय : तुमचा ब्रश नेला होता मी. दोन वर्षांपूर्वी. तुम्ही आठ दिवस शोधत होतात, मग नवा आणलात.

नणंद : तो तू नेलास? मी माळ्यावर संशय घेतला!

भावजय : ब्रशाच्या केसांत अडकलेलं भिंगाखाली पाहिलं. मुळाच्या टोकाला मोजा घालावा तसा थर. वाफ्यात उगवलेल्या कोवळ्या रोपाला तो थोरल्या झाडाकडून मिळतो. तुम्ही रोप उचलता, मुळं धुता, ब्रशाने घासता आणि भाजलेल्या मातीत लावता. त्या मातीत काहीच नसतं. मग चार पानं येतात ती बियातल्या शिदोरीवर. शिदोरी संपली की...

नणंद : माती मी उगाच नाही भाजत.

भावजय : मला माहीत आहे.

नणंद : तुला नाही माहीत. मी नोकरीला लागले त्या वर्षी वाफ्यातल्या मातीतून रोग आला. चारशे रोपं जाळावी लागली. माझ्या हातांनी. तेव्हापासून ठरवलं, कुंडीत जाणारी माती आधी भट्टीतून जाईल. आणि तुला हे दोन वर्षं ठाऊक होतं?

भावजय : संशय होता. सांगितलंही होतं. याच खोलीत. तुम्ही म्हणालात, "तुझी बुरशी तुझ्या तळघरात ठेव, माझ्या कुंड्यांच्या जवळ आणू नकोस."

नणंद : मी असं म्हणाले?

भावजय : हातात ब्रश होता. नवा.

नणंद : मग दुसऱ्यांदा सांगायचं. तिसऱ्यांदा सांगायचं. भांडायचं! नवऱ्याशी भांडतेस, दूधवाल्याशी भांडतेस. माझी तेरा रोपं डोळ्यांसमोर बसली खाली आणि तू...

भावजय : तोवर ती घासून झाली होती, वन्सं. आणि मला तरी कुठे खात्री होती? माझं चुकलं असतं तर? तुमच्या भट्टीतल्या मातीत मी वाफ्यातली माती कालवली असती आणि चारशे रोपं पुन्हा गेली असती तर? मी भितेय तुम्हाला. सव्वीस वर्षं भितेय. दिसत नाही, कारण मी विनोद करते.

नणंद : ...मला? मी काय वाघ आहे?

भावजय : वाघाची उंची कमी असते.

नणंद : हं. ...आणि चौदा कसल्या म्हणालीस मघाशी?

भावजय : चौदावं बी वाफ्याच्या कडेला, नळीखाली पडलं होतं. तुम्हाला दिसलं नाही. मी उचलून खिशात टाकलं.

नणंद : चोरलंस.

भावजय : चोरलं. आणि झाडाच्या बुंध्याशी दोन ओंजळी माती घेतली, न भाजलेली.

नणंद : आणि?

भावजय : आणि घरी नेलं.

नणंद : आणि? अगं, एकेक घास भरवू नकोस. कुठे ठेवलंस? तुमच्या घरी दर रविवारी मी जेवायला येते. गच्ची बघते, खिडक्या बघते, स्वयंपाकघर बघते...

भावजय : वरचं न्हाणीघर नाही बघत.

नणंद : वरच्या न्हाणीघराचा नळ गळतो! दोन वर्षं गळतोय. दर खेपेला मी हात धुवायला निघाले की धाकटा जिन्यात आडवा येतो, "ताई, खाली धू, वर चिखल झालाय." मी त्याला म्हटलंसुद्धा, लाज नाही वाटत, एक नळ दुरुस्त होत नाही तुझ्याच्याने... अगं!

भावजय : हो.

नणंद : नळ गळत नाही?

भावजय : नळ ठणठणीत आहे. तुमच्या भावाने दोन वर्षं बोलणी खाल्ली त्याच्या नावाने.

नणंद : जिवंत आहे?

भावजय : भाऊ?

नणंद : मार खाशील!

भावजय : जिवंत आहे, वन्सं. पूर्वेची खिडकी आहे तिथे, वाफ असते, ऊब असते. त्याला आपलं रानच वाटत असावं. अकरा पानं होती. परवा बारावं उघडलं. सुरुवातीला लाल असतं ना, तसंच.

नणंद : लाल. हो. कोवळं असताना लाल असतं. ...उंची?

भावजय : आरशापर्यंत. दाढी करताना तुमच्या भावाला एक पान बाजूला सारावं लागतं. कुरकुरतो. म्हणतो, मी आंघोळ करतो तेव्हा ते माझ्याकडे बघतं. पण थंडीत हवा कोरडी झाली तेव्हा दिवसातून दोनदा आंघोळ करायचा. वाफ व्हावी म्हणून.

नणंद : धाकटा? ज्याला मी कान धरून मोरीत नेत होते, तो?

भावजय : तोच. कडकडीत पाणी घेऊन. कातडी सोलून निघाली.

नणंद : ...मला का नाही सांगितलं गं? एकदा तरी.

भावजय : तीन खेपांना मी तुमचं तोंड पाहिलंय. शेवटचं रोप गेलं की तुम्ही कुंडी रिकामी करता, धुता, पालथी घालून ठेवता आणि दिवसभर सगळ्यांशी फार गोड बोलता. ते माझ्याने बघवत नाही. म्हटलं, दोन पावसाळे काढू दे त्याला. मग सांगू. मग म्हटलं, अजून एक पान येऊ दे.

नणंद : आणि आज का सांगितलंस?

भावजय : तुम्ही सहा फूट माती भाजायला निघालात म्हणून. ते रोप कायम न्हाणीघरात नाही राहायचं. पुढच्या वर्षी छताला लागेल. त्याला याच वाफ्यात यायचंय. थोरलं झाड गेलं तरी खालची माती असली तर त्याची सोय आहे. ती माती गेली तर मग माझ्या हातात काही नाही, वन्सं.

नणंद : थोरलं कापल्यावर ती बुरशी राहील? साखर कोण देणार तिला?

भावजय : फार दिवस नाही राहणार. म्हणून रोप लवकर आणायला हवं. काचा बसल्या की लगेच.

नणंद : आणि रोग आला तर?

भावजय : तर मी तुमच्याबरोबर जाळायला उभी राहीन. वन्सं, डोळे पुसा. हाताला माती आहे, हाताने नको. हा घ्या पदर.

नणंद : तुझ्या पदराला त्या बटाट्याचा वास येतोय.

भावजय : येणारच. वासावरच तर चालतं त्याचं.

नणंद : मिस्त्री! अहो मिस्त्री! खाली या जरा.

मिस्त्री : आलो, आलो. काय झालं? कुणाला लागलं का? मोठ्या बाई, डोळे...

नणंद : काचेचा चुरा गेला. गाडी सांगितलीत?

मिस्त्री : आता निघालोच होतो.

नणंद : नका सांगू. झाड जमिनीलगत कापा. मुळं उपटायची नाहीत. वाफ्यातली माती घमेलंभरसुद्धा हलायला नको. वरून काच पडेल, तर आधी ताडपत्री अंथरा.

मिस्त्री : म्हणजे मघाशी सहा फूट म्हणालात ते...

नणंद : मघाशी मला अक्कल नव्हती.

मिस्त्री : हे मी लिहून घेऊ का?

भावजय : घ्या, घ्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा आलंय, तारीख घाला.

नणंद : तू गप्प बस. आणि मिस्त्री, तुम्ही बसवणार ती नवी कमान किती वर जाते?

मिस्त्री : आहे तेवढीच. साठ फूट. का?

नणंद : साहेबांना विचारून बघते, दहा फूट वाढवतात का. लागेल पुढे.

मिस्त्री : केळीला?

भावजय : मिस्त्री, तुम्ही ताडपत्री बघा.

मिस्त्री : बघतो. तुम्हा दोघींचं काही कळत नाही आपल्याला.

भावजय : वन्सं, पावणेपाच झाले. फलक अर्धा आहे. रोपांसमोर काय लिहू? "नाही" लिहिलंय मी, खोडू का?

नणंद : खोड. "एक" लिही.

भावजय : कुठे आहे म्हणून मुलं विचारणार.

नणंद : विचारू देत. आणि खाली एक आडवी रेघ मार, दोन्ही रकान्यांना जोडून. तुझी ती ओळ तिथे घे, वरचं घर आणि खालचं घर. तुझ्या रकान्यात मावायची नाही ती.

भावजय : धाकट्याचं नाव घालू?

नणंद : त्याला फोन कर आधी. म्हणावं, आज रविवार नसला तरी मी येतेय, कागद दिला की निघतेच. न्हाणीघर मोकळं ठेव.

भावजय : विचारेल, काय काम काढलं ताईने.

नणंद : सांग, नळ बघायला येतेय.